सहा वस्त्या, सहा ताया आणि ४,८९,५८४ रुपये : प्रकल्प नोंदी

१४ मे २०२४

काल जिल्ह्यात लोकसभेचं मतदान झालं. आज सकाळी कंपनीचा मेल आला. गेली तीन वर्षं आपल्या संध्याकाळच्या वर्गांचा खर्च उचलणाऱ्या कंपनीनं यंदापासून फक्त ‘डिजिटल शिक्षण’ हाच विषय घ्यायचं ठरवलंय. पुढच्या वाटचालीला शुभेच्छा दिल्यात. मेल दोनदा वाचला, मग पासबुक काढलं. शिल्लक ६१,२४० रुपये.

मागच्या खेपेला अशीच वेळ आली तेव्हा तायांना फार उशिरा सांगितलं होतं. ते मला अजून लागून राहिलंय. म्हणून या खेपेला पहिल्या दिवसापासून लिहून ठेवणार, आणि ही वही तायांनीही वाचायची.

नव्या विश्वस्तांसाठी थोडक्यात: बीड जिल्हा, शिरूर कासार तालुका, सहा वस्त्या. दिवाळी झाली की घराघरातून ऊसतोडीला कोयते निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेतलेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्न घरात उरतच नाही. लेकरं एक तर बैलगाडीतून उसाच्या फडावर जातात, नाही तर आजीजवळ राहतात. जी राहतात त्यांच्यासाठी हे वर्ग. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, मूठभर खाऊ, अभ्यास आणि एक मोठं माणूस. माणूस म्हणजे ताई. वस्तीतलीच, शिकलेली सून किंवा लेक.

१७ मे

अंदाजपत्रक मांडलं. मुलं १४२.

मानधन: ६ ताया, महिना ३,५०० रुपये, ६ महिने – १,२६,०००. खाऊ: रोज मुलामागे ८ रुपये, महिन्याला २४ दिवस, ६ महिने – १,६३,५८४. समन्वयक: महिना ९,०००, १० महिने – ९०,०००. त्याच्या मोटारसायकलचं पेट्रोल – २५,०००. वह्या, गोष्टींची पुस्तकं, लिहायचे फळे – ४०,०००. तायांचं प्रशिक्षण – ३०,०००. हिशेब तपासणी – १५,०००. एकूण ४,८९,५८४. एका मुलाला हंगामाला साधारण ३,४४८ रुपये पडतात.

ऑडिटर साहेब म्हणाले, “बाई, हा आकडा ४,९०,००० करा, दिसायला बरा.” नाही केला. गोल आकडा दिसला की समोरचा माणूस आणखी गोल करून चार लाखांवर आणतो, हा अनुभव आहे.

२८ मे

कागदपत्रांची फाइल लावली. नोंदणीची दोन्ही प्रमाणपत्रं (संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०), पॅन, १२ए (संस्थेला करमाफी), ८०जी (देणगीदाराला करसवलत), नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, सीएसआर-१ क्रमांक (कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठीची नोंदणी), तीन वर्षांचे ऑडिट. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नसलेल्या संस्थेला कंपनी या निधीतून पैसे देऊच शकत नाही. आपला आहे.

मागच्या वर्षीच्या देणग्यांचा १०बीडी तक्ता भरून झाला. मुदत ३१ मे, आणि उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. तो भरल्याशिवाय देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळत नाही, आणि त्या प्रमाणपत्राशिवाय त्याला ८०जीची सवलत नाही. तपासताना आणखी एक तारीख दिसली. आपली १२ए आणि ८०जीची फेरनोंदणी ३१ मार्च २०२६ ला संपते, नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या सहा महिने आधी. भिंतीवर लाल शाईत लिहून ठेवलं.

एक घोळ सापडला, तोही आपलाच. धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट-१ च्या, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीच्या, उताऱ्यावर अजून आपले जुने खजिनदार आहेत. ते २०२२ मध्ये वारले. बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो, आपण दिला वर्षभरानं, तोही एका सहीविना. त्रुटी निघाली आणि प्रकरण तसंच पडून राहिलं. अनुदान मागायला जाताना कागदावर दिवंगत माणूस खजिनदार असणं बरं नव्हे. वकिलांना फोन केला.

३ जून

पैसा नेमका कुठं असतो याचा कागद तयार केला. दरवर्षी नव्या स्वयंसेवकाला तोंडी समजावून सांगण्यापेक्षा हे बरं.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून लागू. कशावर खर्च करायचं ते परिशिष्ट सातमध्ये आहे आणि शिक्षण त्यात स्पष्ट लिहिलंय. इथवर वाचलं की वाटतं, झालं, आता अर्ज टाकायचा.

खाली एक ओळ आहे: कंपनी जिथं काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं. पैसा जातो कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या गावात. चाकण, रांजणगाव, वाळूज, तळोजा. आपल्या तालुक्यात मोठा कारखाना नाही, म्हणून शेजार नाही, म्हणून प्राधान्यही नाही. कंपन्यांचं दुसरं आवडतं ठिकाण म्हणजे केंद्राचे आकांक्षित, म्हणजे मागास म्हणून निवडलेले जिल्हे. महाराष्ट्रातले चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव. धाराशिव आपल्याला लागूनच. बीड यादीत नाही. पुरेसे गरीबही नाही आणि पुरेसे जवळही नाही, असं आपलं झालंय.

(समन्वयक म्हणाला, आपली माणसं सहा महिने कारखान्याच्याच दारात असतात की. साखर कारखान्याच्या. हसावं की रडावं.)

१९ जून

शाळा सुरू होऊन चार दिवस झाले. तीन वस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांत जाऊन आले. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला जे संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर ठरतं. पट ३० पर्यंत असेल तर १०,०००, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर. आपल्या वस्तीशाळेचा पट २७. दहा हजारांत वर्षभराचं वीजबिल, खडू, झाडू, गळक्या पत्र्याची दुरुस्ती. हेडसर म्हणाले, “बाई, तुम्ही मागायला आलात का द्यायला, ते आधी सांगा.” चहा त्यांनीच पाजला.

दोन शाळांत हंगामी वसतिगृह चालतं, पण ती मुलं आपल्या यादीत नाहीतच. तालुक्याच्या ठिकाणी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे, तिचा पैसा उसाच्या टनामागे कारखान्यांकडून घेतला जातो. योजना चांगली. फक्त दुसरीतलं लेकरू आजीला सोडून तालुक्याला राहत नाही, आणि आजीही त्याला सोडत नाही.

५ जुलै

ग्रामपंचायत. सरपंच ताई स्वतः बोलतात, नवऱ्याला बोलू देत नाहीत, त्यामुळे काम पटकन झालं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा मोठा भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. अबंधित जो उरतो तो आराखड्यात आधीच रस्ता आणि गटारीला गेलेला. स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते हे त्यांना माहीत होतं. “करायची असते हो बाई, पण उत्पन्न कुठंय? घरपट्टी वसूल करायला गेलं की माणसं फडावर.”

रोख नाही. पण समाजमंदिराची खोली सहा महिने आणि लाइटबिल पंचायत भरणार, असा मासिक सभेचा ठराव करून दिला. ठरावाची प्रत घेतली. पुढे कुणी विचारलं की लोकसहभाग किती, तर हा कागद दाखवायचा. देणाऱ्याला गावानं काय दिलं ते आधी पाहायचं असतं.

२३ जुलै

पहाटेच्या एसटीनं पुण्याला. एका कंपनीच्या सीएसआर विभागात अकराची वेळ होती, भेट झाली दीडला. समोर तिशीतला मुलगा, नम्र, आणि खरंच ऐकणारा. त्याला दोष देणार नाही.

त्याला मुलं आवडली, फोटो आवडले, वस्त्यांचा नकाशा आवडला. मग अंदाजपत्रक उघडलं. “मॅडम, यात वस्तू कुठंयत?”

म्हटलं, वह्या आहेत, फळे आहेत.

“तसं नाही. टॅब देऊ शकतो आम्ही. सहा वस्त्यांना तीस टॅब. एक स्मार्ट टीव्ही. मानधनाचं अवघड आहे. मनुष्यबळाला पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही, कायद्यातच आहे तसं.”

तीस टॅब. हिशेब केला तर माझ्या सगळ्या अंदाजपत्रकाइतके पैसे. तिथंच म्हणाले की टॅब चार्ज कुणी करायचे, संध्याकाळी कुणी वाटायचे, परत कुणी मोजून घ्यायचे? तो म्हणाला, “तुमच्या ताई आहेतच ना.” आहेतच ना! जणू ती भिंतीतली खुंटी आहे, टांगलं की झालं.

परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. अहमदनगर येईपर्यंत राग उतरला.

२६ जुलै

पाच टक्क्यांचं डोक्यातून जाईना. ऑडिटर साहेबांकडे नियमांची प्रत घेऊन बसले. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीत ‘प्रशासकीय खर्च’ याची व्याख्या दिलीय: कंपनीनं स्वतःच्या सीएसआर कामकाजाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेला खर्च. त्याला ५ टक्क्यांची मर्यादा. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख करणं आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरायचा नाही, असं त्याच व्याख्येत पुढं लिहिलंय.

म्हणजे मर्यादा त्यांच्या ऑफिसला आहे. वस्तीवर शिकवणाऱ्या ताईचं मानधन हा प्रशासकीय खर्च नव्हे, तो कार्यक्रमच आहे. ती नसेल तर कार्यक्रम म्हणून उरतं काय, रिकामं समाजमंदिर.

चार वर्षं मी हे वाक्य निरनिराळ्या ऑफिसांत ऐकतेय आणि मान डोलावतेय. एकदाही नियम उघडून पाहिला नव्हता. माझीच चूक.

पत्र लिहिलं. तीन वेळा खोडलं. पहिल्या मसुद्यात चीड होती, दुसऱ्यात उपदेश. तिसऱ्यात फक्त नियमाचा क्रमांक, दोन ओळी आणि विनंती. अंदाजपत्रकातलं ‘मानधन’ हे शीर्षक बदलून ‘वर्ग चालवणं: शैक्षणिक साहाय्यक’ केलं आणि ते सगळ्यात वर आणलं. खाऊ, पुस्तकं त्याखाली.

९ ऑगस्ट

शहरातल्या एका रोटरी क्लबच्या सभेत दहा मिनिटं बोलायला मिळाली. त्यांच्या फाउंडेशनचं जागतिक अनुदान किमान ३०,००० डॉलरच्या प्रकल्पाला असतं. म्हणजे पंचवीस लाख. आपण पाच लाखांचंही मागत नाही. एक सदस्य म्हणाले, “मोठं करा ना मग, साठ वस्त्या करा.” साठ वस्त्यांना साठ ताया शोधायला मला पाच वर्षं लागतील. आकडा अनुदानाला पुरेल म्हणून काम फुगवायचं हे एकदा २०१७ मध्ये करून पाहिलंय. अर्ध्या वर्गांना कुलपं लागली होती.

क्लबनं स्वतःच्या पैशातून १४२ दप्तरं आणि सहा सौर दिवे द्यायचं कबूल केलं. दिवे उपयोगाचे. दप्तरं आजकाल जो तो देतो. एका पोराकडे तीन आहेत, त्यातल्या एकात आजी शेंगा ठेवते.

२७ ऑगस्ट

पुण्याहून उत्तर! “आपला मुद्दा आमच्या वित्त विभागाशी तपासला. मानधन प्रकल्प खर्चात धरता येईल.” पुढं यादी: सुधारित प्रस्ताव, मुलांची नावनिशीवार यादी, आधीच्या तीन वर्षांचे निष्कर्ष, परिशिष्ट-१ चा अद्ययावत उतारा.

उतारा. वकील म्हणतात तारीख डिसेंबरची आहे.

त्यांना खरं ते कळवलं. खजिनदार वारले, अर्ज उशिरा दिला, सुनावणीची तारीख अमुक. सोबत मृत्यूदाखला, ठरावाची प्रत, वकिलांचं पत्र. लपवून नंतर सापडण्यापेक्षा हे बरं.

१२ सप्टेंबर

गणपतीत ‘लोकसत्ता’ रोज एका संस्थेची ओळख छापतो, ‘सर्वकार्येषु सर्वदा’. दहा दिवस दहा संस्था, २०११ पासून. मी ते लेख कापून ठेवते आणि लिहायचं कसं ते त्यातून शिकते. चांगला लेख ‘वंचित’ शब्दानं सुरू होत नाही. तो एखाद्या जागेवरून सुरू होतो, मग माणूस येतो, मग अडचण, आणि आकडा सगळ्यात शेवटी. आपल्या प्रस्तावाचं पहिलं पान म्हणजे “ग्रामीण भागातील शैक्षणिकदृष्ट्या मागास व वंचित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी” अशी सोळा ओळींची एकच आगगाडी. मीच लिहिलेली, २०१९ मध्ये. आज फाडली.

नवं पहिलं पान: साडेपाच वाजता समाजमंदिरासमोर चपला किती असतात इथून सुरू.

२६ सप्टेंबर

पितृपक्ष. पुण्यात या पंधरवड्यात ‘देणे समाजाचे’ प्रदर्शन भरतं. संस्था टेबलं लावतात आणि लोक पितरांच्या नावानं देणगी द्यायला येतात. आपलं टेबल नाही, नुसती पाहायला गेले. शुभकार्याला वर्ज्य धरलेल्या दिवसांना कुणीतरी हे काम लावून दिलं याचं फार कौतुक वाटलं.

दोन तास एका टेबलाच्या मागं उभी राहिले. एक आजोबा आले, सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, “माझ्या पैशातून नक्की काय होईल?” टेबलावरची मुलगी म्हणाली, “एका मुलीचं एक वर्ष.” आजोबांनी चेक फाडला. आमच्या पत्रकावर असं एकही वाक्य नाही. आता आहे: ३,५०० रुपये म्हणजे एका वस्तीवर एक महिना ताई.

६ ऑक्टोबर

वस्तीवर पालकसभा. कोयते निघायच्या आधी ही घ्यावीच लागते, नंतर घरात फक्त म्हातारी माणसं. खरी स्थिती सांगितली: पैसे जमलेले नाहीत, वर्ग सुरू होतील की नाही सांगता येत नाही. सगळे गप्प. पैसे मागायला आले नव्हते, मागितलेही नाहीत. उचल कशात गेली ते प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

मागून एक आजी म्हणाली, “पैशे न्हाईत बाई माह्याकडं. जवारी हाये. लेकरं खातेत ती जवारीच द्या की त्याह्यला.”

शाळेत असताना रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टीफंडाबद्दल वाचलं होतं: घरोघरी दळताना मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते वसतिगृहाला. परीक्षेत दोन गुणांचं उत्तर होतं ते. इथं कुणी मुष्टीफंड हा शब्द उच्चारला नाही, पण तासाभरात ठरलं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी पायलीभर ज्वारी द्यायची, लाह्या वस्तीवरच फोडायच्या. आपण फक्त गूळ, शेंगदाणे आणि आठवड्यातून दोनदा केळी आणायची. खाऊचा दर मुलामागे ८ वरून ५ रुपयांवर. नवं एकूण ४,२८,२४०.

समन्वयकाला हिशेब तिथंच करायला लावला, सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. ६१,३४४ रुपये वाचले म्हटल्यावर आजीनं विचारलं, “मंग ते कुठं गेले?” कधी नव्हतेच, हे समजावता समजावता पुरेवाट झाली.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. जिल्हा नियोजनातून अभ्यासिकेसाठी काही मिळेल म्हणून दिलेला अर्ज आता २३ नोव्हेंबरच्या निकालापर्यंत कुणी उघडणार नाही. खरं सांगायचं तर तिथून आशा नव्हतीच. त्या वाटेनं खोली मिळते, फर्निचर मिळतं, माणूस मिळत नाही.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

सुट्टीत गावी आलेल्या माजी विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. हिंगण्याच्या कर्वे संस्थेचा भाऊबीज निधी डोक्यात होता. दिवस चांगला, ओवाळणीच्या दिवशी हात आखडत नाही. पंचवीस जण आले. कुणी पोलिसात, कुणी पुण्यात डिलिव्हरीला, एक नर्स. पत्रक दिलं, क्यूआर कोड दिला. संध्याकाळपर्यंत ३१,४००.

दोन नोंदी. रोख २,००० च्या वर घेतली तर त्या रकमेवर देणगीदाराला ८०जीची सवलत नाही, म्हणून मोठी रक्कम खात्यावरच. आणि बऱ्याच पोरांनी नवी करप्रणाली घेतलीय, त्यात ८०जी मुळात नाहीच. एक जण म्हणाला, “बाई, पावती नको, फोटो पाठवा.” पावती तरी दिलीच.

रात्री एका डॉक्टरांचा फोन, आपल्याच तालुक्यातले, आता अमेरिकेत. एका वस्तीचा सगळा खर्च देतो म्हणाले. आनंदानं हुरळून जायच्या आत विचारावं लागलं, “तुमचा पासपोर्ट कुठला?” ते अमेरिकन नागरिक झालेत. म्हणजे ती परकीय देणगी, आणि आपल्याकडे ती घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी नाही. त्यांचं इथलं बँक खातं असलं तरी चालत नाही. बघायचं ते नागरिकत्व. तिथल्या मराठी मंडळींच्या महाराष्ट्र फाउंडेशनचं त्यांनी सुचवलं. आपल्याला नोंदणी नाही तोवर त्याही वाटेनं तेच. उलट दुबईत इलेक्ट्रिशियन असलेल्या पोराकडे भारतीय पासपोर्ट आहे. त्यानं बँकेतून पाठवलेले ५,००० चालतात.

डॉक्टर जरा दुखावले. जन्म याच मातीतला, आणि गावातल्या बाईनं पासपोर्ट विचारला. मलाही वाईट वाटलं. पण कायद्यात भावनेचा रकाना नाही.

१८ नोव्हेंबर

मतदान परवा आहे, त्यामुळे टोळ्या यंदा मागेपुढे हलतायत. काही ट्रॅक्टर निघाले, काही बुधवारी रात्री निघतील. चार वस्त्यांवर आज वर्ग सुरू केले. दोन ठिकाणी तायाच मतदानाच्या कामात आहेत, तिथं पुढच्या आठवड्यात.

सुरू कसे केले ते लिहायला पाहिजे. मी म्हणत होते थांबू. तायांनी बैठक घेतली आणि सांगितलं, “आम्ही सुरू करतो, पैसे आले की द्या.” बाकी विश्वस्तांना भरून आलं. मला नाही आलं. साडेतीन हजार ही काही रक्कम नाही, पण तीही नसताना त्यांनी काम करायचं आणि आम्ही अहवालात ‘समर्पित स्वयंसेविका’ असं छापायचं, ही सवय संस्थेला फार लवकर लागते. बाई आहे, गावातली आहे, घरीच असते, करेल. पुण्याच्या मुलाच्या ‘आहेतच ना’ पेक्षा हे काही फार वेगळं नाही.

म्हणून ठराव केला: आजपासूनचं मानधन ही संस्थेवरची देणी. ताळेबंदात दाखवायची. कुणी माफ करतो म्हणाली तरी माफ होणार नाही.

१२ डिसेंबर

सोमवारी सुनावणी झाली. बदल मंजूर, उताऱ्याची प्रत पंधरवड्यात. खजिनदारांच्या घरी जाऊन सांगून आले. त्यांची मुलगी म्हणाली, “म्हणजे बाबा आत्ता रिटायर झाले.”

आज पुण्याचा तो मुलगा वस्तीवर आला, सोबत त्याच्या वरिष्ठ मॅडम. सौर दिव्याच्या उजेडात वर्ग चालू होता, ३४ पैकी २९ हजर. मॅडमनी दोन मुलांना उतारा वाचायला लावला. एकानं छान वाचला. दुसरा अडखळला, मग थांबलाच. मला घाम. ताई शांतपणे म्हणाल्या, “हा सोमवारी आलाय मॅडम. फडावरून आजीनं परत आणलाय.”

मग मॅडमनी हजेरी मागितली. ताईंनी शाळेसारखा छापील तक्ता न देता स्वतःची दोनशे पानी वही दिली. त्यात गैरहजर मुलापुढे कारण लिहिलेलं असतं: आजी आजारी. सरपण. शेळी व्याली. बाप घेऊन गेला, कारखान्याचं नाव माहीत नाही. चप्पल नाही. मॅडम ती पानं उलटत बराच वेळ बसल्या, दोन पानांचा फोटो घेतला. जाताना मला फक्त इतकंच विचारलं, “असं लिहायला यांना कुणी सांगितलं?” कुणीच नाही.

टॅबचा विषय निघाला नाही.

२१ जानेवारी २०२५

मंजुरीचं पत्र. १,६७,५०० रुपये, जानेवारी ते मार्च. मानधन ६३,०००, समन्वयक २७,०००, पेट्रोल ७,५००, साहित्य ४०,०००, प्रशिक्षण ३०,०००. खाऊ नाही. एप्रिल नाही. करारनाम्याच्या आधीचे नोव्हेंबर-डिसेंबर नाहीत. सगळे पैसे ३१ मार्चच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, कारण प्रकल्प एका वर्षाचा धरलाय. एका वर्षाच्या प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा कंपनीला सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावा लागतो, म्हणून त्यांना मार्चची घाई. हंगाम मात्र एप्रिलपर्यंत. गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडेल तेव्हा आई-बाप येतील, आर्थिक वर्ष संपलं म्हणून नाही.

फोनवर विचारलं, पुढच्या खेपेला ‘चालू प्रकल्प’ म्हणून धरता येईल का? सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालतो तो. मुलगा म्हणाला, “मे महिन्यात समितीपुढं ठेवतो. मॅडमनीच सुचवलंय.” लिहून पाठवा म्हटलं. पाठवलं.

आजची मांडणी: जुनी शिल्लक ६१,२४०, छोट्या देणग्या ७३,८५०, कंपनी १,६७,५००. एकूण ३,०२,५९०. लागणार ४,२८,२४०. अजून १,२५,६५० कमी. समन्वयकाचे आधीचे महिने याच खड्ड्यात आहेत, आणि तो काही बोलत नाही, हेही लिहून ठेवते.

१ फेब्रुवारी

छोट्या देणग्यांतून तायांचं ३१ डिसेंबरपर्यंतचं मानधन दिलं. चौघींना ५,२५० प्रमाणे, उशिरा सुरू झालेल्या दोघींना ४,२००. एकूण २९,४००. खात्यावर टाकले, पण व्हाउचरवर सह्या हव्यात म्हणून सगळ्यांना बोलावलं होतं.

पाच हजारांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. चार तिकिटं हवी होती, पाकिटात दोनच निघाली. पोस्ट तीनलाच बंद झालेलं. वहीवाल्या ताई म्हणाल्या, “राहू द्या बाई, सोमवारी करते सही, मला पाचला पोहोचायचंय.” दोघींच्या सह्या बाकी आहेत. सोमवारी तिकिटं आणायची.